शाळेची कौलं यंदा परतायलाच हवीत : वाड्यावरल्या सगळ्यांना खुलं पत्र

सरपंच, सगळे पंच, देवस्थान समितीची मंडळी, आणि आमच्या वाड्यावरल्या सरकारी मराठी शाळेत ज्यांनी ज्यांनी पाटी हातात धरली त्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

परवा शिगम्याला माहेरी आले होते. रोमटामेळ बघून संध्याकाळी देवळाकडून घरी जाताना पाय आपोआप शाळेच्या वाटेला वळले. समोरून बघितलं तर शाळा आहे तशीच वाटते, दाराला कुलूप, ओट्यावर पाचोळा, एवढंच. पण मी मागच्या बाजूला गेले. तिथे चार-पाच कौलं सरकून खाली पडलीत आणि त्या भगदाडातून आत पाणी जाऊन तिसरी-चौथीच्या भिंतीवर काळे ओघळ आलेत. खिडकीची फळी मोडलीय त्यातून आतलं सगळं दिसतं. वळचणीला वाशाची टोकं बाहेर आलेली आहेत ना, हात वर केला की लागतात इतकी खाली आहेत ती, त्यातल्या एका टोकाला मी बोट लावलं तर बोट आत गेलं. भिजवलेल्या पावासारखं लाकूड झालंय. माट्टीच्या झाडाच्या लाकडाचा वासा आहे तो, साठ वर्षं उभा होता, त्याला दोन पावसांत हे झालं.

त्या रात्री मला झोप लागली नाही म्हणून हे लिहायला घेतलं. आधीच सांगते काय मागतेय ते, कारण लोक पत्र शेवटपर्यंत वाचत नाहीत. शाळा पाडू नका. आणि येत्या मे महिन्यात, मिरग लागायच्या आधी, तिची कौलं परतून घ्या, म्हणजे उतरवून, साफ करून परत चढवून घ्या. बाकी काय करायचं ते पावसाळाभर बसून ठरवूया, भांडूया सुद्धा, पण आधी छप्पर.

आता का ते सांगते.

ही शाळा कशी उभी राहिली ते मी माझ्या आबांकडून ऐकलंय, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आपापल्या घरी ऐकलं असेल. पोर्तुगीज असताना आपल्या वाड्यावर शाळा हा प्रकारच नव्हता. ज्यांना परवडायचं त्यांची मुलं शहरात कुणाकडे तरी राहून पोर्तुगीज शाळेतलं प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्राव करायची, आणि इथे देवळात एक भटजी चार-पाच मुलगे घेऊन बसायचे, धुळाक्षरं, पाढे आणि थोडी पोथी, संपलं शिक्षण. मुलींचा तर प्रश्नच नाही. मग १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेड्यापाड्यांत, वाड्यावाड्यांवर मराठी शाळा निघायला लागल्या. आपली शाळा पहिल्यांदा भरली ती देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांना उतरायच्या खोल्यांत. आबा सांगायचे की पहिलीत सहा वर्षांची पोरं आणि बारा-तेरा वर्षांच्या मुली एकाच रांगेत बसलेल्या, कारण सगळ्यांचीच पहिली बाकी होती!

इमारत बांधायची ठरली तेव्हा चिरे खणीवरून डोक्यावरून आणलेत लोकांनी. गाडीवाट नव्हती. एक चिरा किती जड असतो ते ज्याने उचललाय त्याला विचारा. बायका भाताची लावणी झाली की दुपारनंतर जाऊन एकेक चिरा आणायच्या आणि देवळाजवळ रचायच्या, माझी आजी त्यात होती. तिला स्वतःला सही करता येत नव्हती, शेवटपर्यंत अंगठाच उठवायची. वासे रानातले, सुतार वाड्यावरचाच, मजुरी म्हणून त्याने काय घेतलं ते कुणाला आठवत नाही. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की सरकारी मालमत्ता आहे, आपण काय करणार, तेव्हा मला पटत नाही. कागदावर असेल सरकारी, पण तिच्यातला प्रत्येक चिरा कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावरून आलाय.

मी १९७७ च्या जूनमध्ये पहिलीत बसले. मी शिकले त्याचं कारण एकच, शाळा वाड्यावर होती. मी हुशार होते म्हणून नव्हे, घरी शिक्षणाची फार आवड होती म्हणून पण नव्हे. आपल्या वाड्याच्या आणि मोठ्या गावाच्या मध्ये व्हाळ आहे. तेव्हा त्यावर पूल नव्हता, पोफळीच्या खोडांचा साकव होता, जुलैत तो कधी वाहून जाईल सांगता यायचं नाही. आई म्हणाली असती, राहू दे चेडवाला, पोरीला, घरी. आणि राहिले असते मी घरी, माझी मोठी मावसबहीण राहिली तशी, तिच्या वाड्यावर शाळा नव्हती. ती माझ्यापेक्षा हिशोबाला कितीतरी पक्की आहे, काजूच्या बियांचा भाव तोंडी काढते, पण बसची पाटी वाचता येत नाही म्हणून अजून कुणाला तरी विचारून बसमध्ये चढते. मी नर्स झाले, तीस वर्षं नोकरी केली. आम्हा दोघींत फरक कसला, तर शाळा घरापासून किती पावलांवर होती एवढाच. आमच्या घरापासून एकशे चाळीस पावलं. मी मोजलेली आहेत, तेव्हा पण आणि परवा पण (आता कमी भरतात).

चार वर्गांत मिळून आम्ही चाळीस-बेचाळीस मुलं, खोल्या दोन, शिक्षक दोन. एक बाई आणि एक गुरुजी. गुरुजी महाराष्ट्रातून आलेले, घाटावरचे. पहिल्या पावसाळ्यात त्यांना वाटलेलं की आकाश फाटलंय, असा चार महिने पाऊस त्यांनी जन्मात बघितला नव्हता. उकड्या तांदळाचा भात आणि सकाळची पेज त्यांना बरेच दिवस उतरत नव्हती, माझी आई त्यांच्यासाठी कधीतरी भाकरी पाठवायची, ती नीट थापली जायची नाही, तरी ते खायचे. आणि भाषा! आम्ही घरात सगळे कोकणीत बोलणारे. गुरुजी मराठीत विचारायचे आणि आम्ही कोकणीत उत्तर द्यायचो. 'काल का आला नाहीस?' 'व्हाळाक उदक आयिल्लें.' पहिल्या वर्षी त्यांना कळायचं नाही, मग चौथीतला मुलगा उभा राहून सांगायचा, गुरुजी, ओढ्याला पाणी आलं होतं म्हणतोय. दोन वर्षांनी गुरुजी स्वतःच 'उदक' म्हणायला लागले आणि आम्ही 'पाणी' म्हणायला लागलो. भाषेवरून पुढे आपल्याकडे किती भांडणं झाली, घराघरांत झाली, पण त्या दोन खोल्यांत मला कधी कळलंच नाही की या दोन वेगळ्या पार्ट्या आहेत. मी आजही कोकणीत बोलते आणि मराठीत लिहिते, तुमच्यातले बहुतेक जण तसेच आहात, आणि ही सवय आपल्याला त्या जमिनीवर बसून लागलीय.

जमीन शेणाने सारवलेली होती. शुक्रवारी दुपारी मुलगे व्हाळावरून कळशीने पाणी आणायचे, मुली सारवायच्या, शनिवारी सकाळी दार उघडलं की तो थंड ओला वास यायचा, तो मला अजून कुठे सारवलेलं अंगण दिसलं की येतो. फळा वर्षातून दोनदा आम्हीच काळा करायचो, बॅटरीचे संपलेले सेल दगडाने फोडून त्यातली काळी पूड घ्यायची, तीत कसल्यातरी पानांचा रस घालायचा आणि फडक्याने फासायची, दोन दिवस सगळ्यांचे हात आणि युनिफॉर्म काळे. पाटी पुसायला पावसाळ्यात भिंतीच्या कडेला एक बारीक पाणीदार देठाचं झाड उगवतं ते असायचं, देठ मोडून पाटीवर फिरवला की पाटी आरशासारखी. परवा बघितलं, ते झाड वाळून गेलेलं भिंतीच्या बुडाला तसंच आहे, पावसात परत येईल. आणि घंटा म्हणजे खाणीवरून आणलेल्या लोखंडी पट्टीचा तुकडा, आंब्याला टांगलेला, तो पण आहे अजून, गंजलाय पण वाजतो. मी दगडाने हळूच वाजवून बघितला. बाजूच्या घरातल्या काकी बाहेर आल्या, म्हणाल्या, कोण गे ती?

पावसात शिकवायला यायचंच नाही. कौलांवर पाऊस सुरू झाला की गुरुजींचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जायचा नाही. मग ते आम्हाला ओट्यावर बसवायचे. वळचणीच्या पागोळ्या खाली मातीत पडून एका रेषेत खड्डे व्हायचे, एका कौलाच्या पन्हळीला एक खड्डा, ते मोजायचे. आम्ही अख्खी पहिली शंभरपर्यंत मोजायला त्या खड्ड्यांवर शिकलो. समोरच्या बाजूला एकोणचाळीस होते, मागे फिरून आलं की अठ्ठ्याहत्तर, आणि मग शंभराला किती कमी ते सांगायचं. मला आजही कुणी शंभरातून अठ्ठ्याहत्तर गेले म्हटलं की बावीसच्या आधी ती ओली माती दिसते.

आता कौलं परतण्याचं सांगते, कारण आताच्या मुलांना ते माहीतच नाही आणि माझ्या मागण्याचं मूळ तेच आहे.

दरवर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ठरायचा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी. तीन-चार बाप्ये छपरावर चढायचे, बाकीचे खाली. वरून एकेक कौल काढून खाली द्यायचं, शिडीवर एक जण, खाली आम्ही पोरं साखळी करून उभी, हातातून हातात कौल जायचं. बायका नारळाच्या काथ्याने शेवाळ घासायच्या. फुटलेली वेगळी, चांगली वेगळी. तोवर सुतार रिपा आणि वासे ठोकून बघायचा, आवाजावरून त्याला कळायचं कुठला पोकळ झालाय. वाळवी लागलेली रीप काढायची, नवी घालायची, आणि संध्याकाळपर्यंत सगळी कौलं परत चढलेली. दुपारी शाळेच्या मागेच पेज, सुकी सुंगटं (कोळंबी) आणि आंब्याचं लोणचं. हे एवढं करावं का लागतं? कारण कौलारू छपरावर वर्षभर पाला साठतो, पाला कुजतो, माकडं उड्या मारून कौलं सरकवतात, एक कौल सरकलं की त्याच्या खालच्या रिपेला पाणी लागतं, ओल्या रिपेला वाळवी येते, रीप गेली की कौल खाली, मग पाणी थेट भिंतीवर. आणि आपल्या शाळेची भिंत चिऱ्याची असली तरी सांधे मातीचे आहेत. चिरा उन्हावाऱ्यात उलट घट्ट होतो, त्याला काही होत नाही, पण वरून भिंतीत पाणी शिरलं की सांध्यातली माती धुऊन जाते आणि मग ती भिंत एका रात्रीत बसते. त्यामुळे चिरेबंदी आहे, पडायची नाही, असं जे कोण म्हणतायत त्यांना मी हात जोडून सांगते, छप्पर गेलं की चिरेबंदी पण जाते.

एका अशा परतणीत, मी तिसरीत होते, माझ्या हातात एक कौल उलटं आलं. त्याच्या खालच्या अंगाला अक्षरं उठवलेली होती, मातीतच दाबलेली, इंग्रजी. इंग्रजी आम्हाला नुकतंच सुरू झालेलं, एबीसीडी येत होती, शब्द येत नव्हते. मी साखळी थांबवून ते वाचत बसले. एम, ए, एन, जी... मागचा मुलगा ओरडतोय, पुढे दे, पुढे दे! शेवटी गुरुजी आले, त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत वाचून घेतलं, मंगलोर. मी आयुष्यात स्वतः वाचलेला पहिला इंग्रजी शब्द तो. गुरुजींनी मग जेवताना सांगितलं की ही कौलं मंगळूरची, तिकडे जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी गेल्या शतकात कारखाना काढला तिथून ही पद्धत आली. नंतर मोठेपणी मी वाचलं, बाझल मिशनचा तो कारखाना १८६५ चा. पण मला तो इतिहास आधी हातात मिळाला, ओल्या शेवाळासकट.

आणि फुटलेल्या कौलांच्या बदली नवी कुठून यायची? सरस्वती पूजनातून. नवरात्रात शाळेत सरस्वती बसायची, चिताऱ्याकडून मूर्ती डोक्यावरून आणायची, साड्यांचं मखर, पाट्यांची पूजा, रात्री मुलांचं नाटक, बायकांच्या फुगड्या. आणि शेवटी फळांची पावणी. केळीचा एक घड, एक नारळ, एक तवशें म्हणजे काकडी, यांना लोक बोली लावायचे, शहरात दहा पैशांना मिळेल ते तवशें पाच रुपयांना जायचं. ते पैसे गुरुजी वहीत मांडून ठेवायचे, त्यातून मे महिन्यात कौलं आणि खिळे. सरकारकडून रिपेरीचे पैसे येईपर्यंत कुणी वाट बघत बसलं नाही. म्हणजे छपराचा खर्च कसा काढायचा हे आपल्याला माहीत नाही असं नाहीये, आपण तो वीस-पंचवीस वर्षं काढत होतो.

मग काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. २००० नंतर चीनला खनिज जायला लागलं, डिचोली तालुकाभर ट्रक झाले, आपल्या वाड्यावर घराघरापुढे ट्रक उभा राहिला. कौलांवर लाल धूळ, व्हाळात लाल गाळ, पण हातात पैसा आला आणि पैशाबरोबर व्हॅन आली, पोरं शहरातल्या इंग्रजी शाळेत जायला लागली. १९९० पासून सरकारचं धोरण होतं की अनुदान फक्त कोकणी-मराठी प्राथमिक शाळांना, २०११ ला इंग्रजीला पण द्यायचं ठरलं, त्यावरून केवढं आंदोलन झालं, माजी मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर त्या वयात मातृभाषेतल्या शाळांसाठी रस्त्यावर उतरल्या. मी तेव्हा मनातून त्यांच्या बाजूची होते. पण माझा स्वतःचा मुलगा इंग्रजी शाळेत होता. हे मी लपवत नाही. सासरी घराच्या मागेच मराठी शाळा होती आणि मी त्याला रिक्षाने दुसरीकडे पाठवला, कारण मला भीती वाटली की तो मागे पडेल. त्यामुळे कुणाच्याही आईबापाला नावं ठेवायचा अधिकार मला नाही आणि मी ठेवत पण नाही. २०१२ ला खाणी बंद झाल्या, ट्रक उभे राहून गंजले, तेव्हा व्हॅनचे पैसे परवडेनात म्हणून दोन-तीन पोरं परत आपल्या शाळेत आली होती, पण तोवर काही घरं कामासाठी बाहेर निघून गेली होती. पुढे पटावर नऊ, मग सहा, आणि दोन वर्षांमागे जूनमध्ये पहिलीला एकही नाव आलं नाही. वरची तीन मुलं मोठ्या गावच्या शाळेत घातली. कुलूप लागलं.

शाळा परत सुरू करा असं मी म्हणत नाहीये. मुलंच नसतील तर कुणासाठी सुरू करणार. पण शाळा बंद झाली म्हणून इमारत मेली असं नाही ना. कुलूप लागल्यापासून किल्ली कुणाकडे हे विचारायला माझा भाऊ दोनदा गेला, त्याला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं, शेवटी किल्ली मिळालीच नाही. आणि आता ऐकतेय की ती पाडून तिथे स्लॅबचा हॉल बांधायचा विचार आहे. कशाला? बारसं, साखरपुडा, मीटिंग, सगळं देवळाच्या मंडपात होतंय, मंडप शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. उलट आपली अंगणवाडी बघा कुठे आहे. एका घराच्या पडवीत भाड्याने, दहा बाय दहाची जागा, उन्हाळ्यात पत्र्याखाली ती बारकी पोरं घामाने भिजलेली असतात, मी नर्स म्हणून सांगते, अंगावर घामोळं उठलेली तीन मुलं मी त्याच दिवशी बघितली. आणि शंभर पावलांवर उंच छपराची, दोन्ही बाजूंनी वारा येणारी, ओटा असलेली, विहीर असलेली, आंबा असलेली इमारत कुलूप लावून भिजत ठेवलीय. अंगणवाडी तिथे न्या. दुसऱ्या खोलीत संध्याकाळी मोठी मुलं अभ्यासाला बसू दे, घरात टीव्ही चालू असतो सगळ्यांच्या. त्यासाठी कागदोपत्री काय करावं लागतं ते पंचायतीने करावं, ठराव घ्यावा, शिक्षण खात्याला पत्र द्यावं, अर्जावर सह्या हव्या असतील तर मी घरोघर फिरून आणते.

पण ते कागद फिरेपर्यंत पाऊस थांबणार नाही, म्हणून छपराचं आत्ता.

मी वाड्यावरच्या सुताराला बाहेरून दाखवलंय. (ज्या सुताराने वासे घातले त्याचाच नातू.) तो म्हणाला मागच्या बाजूचे दोन वासे बदलावे लागतील, तीनेक होऊ शकतात, रिपा जवळपास सगळ्या त्या अंगाच्या, बाकी आढं आणि पुढची बाजू शाबूत आहे. वाशाचं लाकूड माझा भाऊ देतो म्हणालाय. आमच्या जुन्या गोठ्याची दोनशेच्या आसपास मंगळुरी कौलं उतरवून ठेवलेली आहेत, ती शाळेला. सुताराची मजुरी मी देते. पंचायतीकडून आम्हाला पैसे नकोत, फक्त एका दिवसासाठी किल्ली आणि लेखी परवानगी हवी, म्हणजे नंतर कुणी येऊन सरकारी जागेत घुसलात म्हणायला नको.

मेचा दुसरा रविवार धरूया. सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आधी. छपरावर तीन-चार तरुण हवेत, ज्यांना सवय आहे असेच, उगाच कुणी हौसेने चढू नका, कौलावर पाय कुठे द्यायचा ते माहीत नसेल तर रिपेसकट खाली याल. बाकी आम्ही साखळीत उभे राहू, माझ्या वर्गातल्या चौघींना मी फोन केलाय, दोघी येतेच म्हणाल्या, एक म्हापशाहून येणार आहे. लहान पोरांना घेऊन या, त्यांना कौल उलटं करून दाखवायचंय. पेज माझ्या वहिनीकडे, सुकी सुंगटं मी आणते, लोणचं कुणीतरी आणा. काथ्या आणि दोन बादल्या हव्यात. शिडी देवळामागे भिंतीला लावलेली आहे, तिची वरून तिसरी पायरी सैल झालीय, ती आदल्या दिवशी ठोकून घ्या.

तुमची,
शाळेची एक माजी विद्यार्थिनी, १९७७ ते १९८१